अख्खा मणी

द्राक्षाच्या मण्याला हात लावायचा नाही, हे मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं गेलं. आमची बाग पिंपळगाव बसवंतजवळ, थॉमसन वाणाची, निर्यातीची. घड उचलायचा तो देठाला धरून, क्रेटमध्ये ठेवायचा तो एकाच थरात, आणि मण्यांवरची पांढुरकी लव बोटांनी पुसली गेली तर तो घड बाजूला काढायचा. काढणीच्या दिवसांत आई आम्हा मुलांच्या हातांकडेच बघत असायची. असं असूनही फ्रान्समधल्या एका वाइन करणाऱ्या घरात मी जे बिघडवलं, ते बहुतेक सगळं मण्याची साल फुटल्यामुळे बिघडलं, नाहीतर साल शाबूत असताना मण्याच्या आत काय चालतं हे मला ठाऊक नसल्यामुळे. हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता मीच नव्या मुलांना टाक्यांवर उभं करते, म्हणून लिहून ठेवते आहे.

या सगळ्याची सुरुवात फ्रान्सला जाण्याआधीच्या एका चुकीने झाली. मी तेव्हा नाशिकच्या एका वाइनरीत प्रयोगशाळेचं काम बघत होते. कुणी पाहुण्याने आणलेल्या परदेशी बाटल्यांचं टेस्टिंग ठेवलं होतं आणि त्यांत मॉर्गों गावच्या एका शेतकरी घराण्याची लाल वाइन होती. मार्च महिना, खोलीत तीस अंशांच्या वर उष्मा आणि बाटल्या सकाळपासून टेबलावर. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यायची, असं मी पुस्तकात वाचलेलं. ती खोली युरोपातली, दगडी भिंतींची, हिवाळ्यातली असते हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ग्लास उचलला तर वाइनच्या पलीकडे माझी बोटं दिसत होती. मी वहीत लिहिलं: रंग फिका, दारूचा झोत नाकात जातो, भरदारपणा नाही. त्या दिवशीचे सगळ्यांत कमी गुण मी तिलाच दिले.

ही वाइन गामे नावाच्या द्राक्षाची. गामेची साल काळी आणि गर पांढरा असतो. त्याच्या वाइनमध्ये शिराझ द्राक्षासारखा शाईचा रंग शोधणंच चुकीचं. ती चौदा ते सोळा अंशांना प्यायची असते. तीस अंशांना तिचा चेरीचा आणि जांभळ्या फुलांचा वास मरतो आणि नुसता अल्कोहोल वर येतो. पण खरं सांगायचं तर तापमानापेक्षा माझा पूर्वग्रह मोठा होता. मॉर्गों बोजोले प्रदेशात येतं, आणि बोजोले म्हणजे मला फक्त ‘बोजोले नूव्हो’ माहीत होती. ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, काढणीनंतर काही आठवड्यांत पिऊन संपते आणि जगभर तिचा उत्सव होतो. त्याच प्रदेशाच्या उत्तर भागात दहा गावं-टेकड्या अशा आहेत, ज्यांची वाइन ‘नूव्हो’ म्हणून विकताच येत नाही, आणि मॉर्गों त्यांपैकी एक, हे मी कधी वाचलंच नव्हतं. गामेची बदनामी फार जुनी आहे. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने हा वाण वाईट आणि दगाबाज ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकायचा हुकूम काढला. बर्गंडीच्या चुनखडीवर गामे भरपूर पिकायचा आणि पातळ व्हायचा. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटवर त्याला मानवेल अशी जमीन मिळाली. हुकूम काढणाऱ्याकडे सत्ता होती, माझ्याकडे गुणपत्रक होतं. दोघांनीही वेल कुठे उभा आहे ते पाहिलं नव्हतं.

टेस्टिंगनंतर उरलेली बाटली फ्रिजमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती काढून मी एक घोट घेतला आणि तशीच उभी राहिले. कालचे गुण खोडायला हवे होते, पण तक्ता वरिष्ठांकडे गेला होता आणि मी तो परत मागवला नाही. त्यानंतर सप्टेंबरच्या काढणीसाठी मॉर्गोंच्या एखाद्या घरात काम मिळतं का, ते मी शोधायला लागले. एका घराने होकार कळवला. त्या घराचं नाव इथे लिहीत नाही, त्यांनी ते लिहायची परवानगी दिलेली नाही.

मॉर्गोंची द्राक्षं जिथे पिकतात ते विलिये-मॉर्गों हे गाव ल्यों शहरापासून उत्तरेला मोटारीने तासाभरावर आहे. पूर्वेला खाली सोन नदीचं सपाट खोरं, पश्चिमेला डोंगर, आणि मध्ये वेलींनी भरलेल्या उतरंडी. मॉर्गोंच्या हद्दीत सुमारे १,१०० हेक्टर द्राक्षं. त्यातली सगळ्यांत मानाची जागा म्हणजे कोत द्यू पी ही साडेतीनशे मीटर उंचीची टेकडी. तिथली जमीन पाहिली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण तो मुरूम होता. निळसर-तपकिरी, लोखंड आणि मँगनीज असलेला, बोटांनी कुस्करला जाणारा. तिथले लोक त्याला कुजका खडक म्हणतात.

वेली मात्र ओळखू येईनात. आमच्याकडे मांडव किंवा वाय आकाराचा आधार, वेलीचे ओलांडे तारेवर, घड डोक्याच्या उंचीला. इथे तार नाही, मांडव नाही. गुडघ्याएवढं एक जाड खोड, त्याला वर तीन-चार हात, प्रत्येक हातावर दोन डोळ्यांची आखूड काडी. जुन्या पद्धतीच्या बागेत हेक्टरला दहा हजार वेली. हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. नाशिकच्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून त्याला आपल्या वेळापत्रकावर आणतो. हा फरक मी तेव्हा टिपला खरा, पण त्यातून पुढे वाइनच्या टाकीत काय होणार आहे हे मला दिसलं नाही. ते नंतर नाशिकमध्ये महागात पडलं.

त्या घराची ही चौथी पिढी. पणजोबा अर्ध्या वाट्याने जमीन कसायचे, म्हणजे वाइन झाली की निम्मी जमीनमालकाची. बोजोलेत ही पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि अजून पुरती गेलेली नाही. आजोबांनी तुकडा तुकडा करत जमीन विकत घेतली. आता कारभार मुलीकडे होता, माझ्याच वयाची असेल. वडील निवृत्त झाले होते असं म्हणायचं, पण पहाटे सगळ्यांच्या आधी तळघरात तेच असत. टेकडीवरच्या जुन्या वेलींची वाइन घराच्या नावाने बाटलीत जायची. खालच्या सपाटीवरच्या द्राक्षांची वाइन टाकीतूनच व्यापाऱ्याला विकली जायची. घराचं वर्ष टेकडीच्या त्या बाटल्यांवर चालायचं.

काढणी हातानेच करायची, त्या घराचा तसा नियमच होता. पहिल्या सकाळी मला वाकडी कात्री आणि बादली मिळाली, आणि तिथली पहिली चूक त्याच दिवशी झाली. कमरेत वाकून, जवळजवळ जमिनीवर टेकून घड कापायचे. मजुरांत विद्यार्थी होते, निवृत्त माणसं होती, पोलंडहून आलेलं एक जोडपं होतं. सगळे माझ्यापुढे जात होते. मी नाशिकची, द्राक्षातच वाढलेली, मागे पडते याची मला लाज वाटली आणि मी वेग वाढवला. घड मुठीत धरून ओढत होते, बादलीत टाकत होते, बादली भरली की वरून दाबत होते आणि क्रेटमध्ये उंचावरून रिकामी करत होते. आईने शिकवलेल्या सगळ्याच्या उलट. असं का केलं, याचं उत्तर माझ्या मनात तेव्हा अगदी स्पष्ट होतं. ही खायची द्राक्षं नव्हेत, यांचा चुराडाच करायचा आहे, मग जपायचं कशाला? आमच्या वाइनरीत तसंच चालायचं. ट्रॅक्टर आला की द्राक्षं यंत्रात, देठ एकीकडे, फुटलेले मणी दुसरीकडे, आणि पंपाने थेट टाकीत.

दुपारी म्हाताऱ्या मालकांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, माझं एक क्रेट उचलून तिरकं केलं. कोपऱ्यातून रस वाहिला. क्रेटभोवती गांधीलमाश्या जमल्या होत्या. ते काही बोलले नाहीत. त्यांनी शेजारच्या बाईचं क्रेट उचलून तसंच तिरकं केलं, ते कोरडं होतं. मग माझं क्रेट बाजूला ठेवलं. ते टेकडीच्या टाकीत गेलं नाही. माझ्या आधीच्या क्रेटांचं काय झालं, ते मला संध्याकाळी कळलं: ती टाकीत गेली होती आणि त्या टाकीवर मुलीला आता रोज जास्तीचं लक्ष ठेवावं लागणार होतं.

त्या रात्री जेवणानंतर तिने मला टाकीपाशी नेलं आणि समजावलं. बोजोलेच्या या वाइनमध्ये द्राक्षं चुरडत नाहीत. देठासकट अख्खे घड टाकीत सोडतात. वरच्या वजनाने तळाचे थोडे मणी फुटतात, त्यांचा रस यीस्टमुळे आंबायला लागतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो टाकी भरत वर येतो आणि हवा बाहेर ढकलतो. आता वरचे अख्खे मणी प्राणवायूविना बसलेले असतात. मणी जिवंत असतो. श्वास घेता येत नाही म्हणून तो स्वतःच्याच एन्झाइमांनी आतली साखर मोडायला लागतो, यीस्टचा हात न लागता. आतमध्ये साधारण दोन टक्क्यांपर्यंत अल्कोहोल तयार होतो, आंबट मॅलिक आम्लाचा मोठा भाग संपतो, सालीचा रंग गरात उतरतो आणि चेरी-रास्पबेरीचे ते वास जन्मतात. मग मणी आपोआप मऊ पडून फुटतो. मिशेल फ्लांझी नावाच्या संशोधकाने १९३४ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या नार्बोनला द्राक्षं या वायूत साठवून पाहिली आणि हा प्रकार शास्त्राच्या नजरेस आणला. बोजोलेचे शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून अख्खे घड टाकीत सोडत होते.

म्हणजे मी बादलीत दाबलेला प्रत्येक मणी या कामातून बाद झाला होता. एवढंच नाही, फुटलेल्या मण्याचा रस उन्हात तासन् तास उघडा राहिला की त्यावर व्हिनेगर करणारे जिवाणू वाढतात आणि ते माझ्या क्रेटबरोबर टाकीत शिरले होते. लहानपणापासून जे माझ्या हातात होतं, ते मी केवळ ‘ही वाइनची द्राक्षं’ म्हणून खाली ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांच्या मागे राहिले. माझी क्रेटं कोरडी येत होती.

तिथली दुसरी चूक थोडक्यात सांगते, पण ती सगळ्यांत धोक्याची होती. टाकीत काय चाललंय याची मला ओढ होती. कुणी नसताना मी शिडीवर चढले, सिमेंटच्या टाकीचं वरचं झाकण सरकवलं आणि वास घ्यायला डोकं आत घातलं. नाकात सुई टोचावी तसं झालं आणि पाय गेले. मालकांनी मागून शर्टाला धरून खेचलं. कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या टाकीत माणूस दोन-चार श्वासांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला आत उतरणाराही पडतो. वाइनच्या प्रदेशांत अशी माणसं गेलेली आहेत. मी वाइनशास्त्र शिकलेली होते, हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्यांनी मला जमिनीवर बसवलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. मग झाकण लावायला वर गेले, कारण मी ते उघडंच टाकलं होतं आणि वायूबरोबर टाकीचं संरक्षणही बाहेर जात होतं.

आता तिसरी, जिच्यामुळे मी हे लिहायला घेतलं.

मॉर्गोंमध्ये घड टाकीत दहा-पंधरा दिवस ठेवतात. मग टाकी उघडतात. तळाचा रस आपसूक वाहून येतो, तो वेगळा घेतात. उरलेले घड, फुगलेले आणि बरेचसे अजून अख्खे, फावड्याने काढून प्रेसमध्ये घालतात. नेहमीच्या लाल वाइनमध्ये प्रेसमधून निघालेली वाइन दुय्यम मानली जाते. सालीचा तुरटपणा, कडवटपणा त्यात जास्त. मी हेच शिकले होते आणि आमच्या वाइनरीत हेच केलं होतं: वाहता रस चांगल्या टाकीत, प्रेसचा रस दुसऱ्या दर्जाच्या टाकीत.

इथे उलटं आहे. अख्ख्या मण्यांच्या आत जे घडलं ते सगळं प्रेसच्या रसातच असतं. तो अजून गोड असतो, कारण आतली साखर पुरती संपलेली नसते, आणि त्याचा सुवास तळाच्या रसापेक्षा कितीतरी जास्त असतो. बोजोलेत त्याला ‘पारादी’ म्हणतात, म्हणजे स्वर्ग, आणि प्रेस चालू झाली की मजूर पेले घेऊन भोवती जमतात. हा रस तळाच्या रसात मिसळला की मगच ती वाइन पूर्ण होते.

टेकडीच्या टाकीची प्रेस चालू व्हायची होती त्या सकाळी मुलीने न्याहारीच्या गर्दीत मला सांगितलं, प्रेसचा रस कुठल्या नळीने कुठल्या टाकीत जाईल. फ्रेंच भराभर बोलली, शेजारी हसण्याचा गलका होता. मला निम्मंच कळलं. मी मान हलवली. माझं फ्रेंच कच्चं आहे हे तिला पुन्हा दिसू नये, एवढ्यासाठी. उरलेलं निम्मं मी माझ्या शिक्षणाने भरून काढलं. प्रेसचा रस म्हणजे दुय्यम, आणि दुय्यम रस व्यापाऱ्याच्या टाकीत. मी त्या टाकीची झडप उघडली.

रस वाहत होता. लोक पेले भरून घेत होते, मलाही एक दिला. मी तो प्यायले आणि त्या क्षणी मला कळलं की हे दुय्यम असूच शकत नाही. कळलं, हे मला नक्की आठवतं. मालक जग भरून घ्यायला आले आणि सहज विचारलं, ‘‘बरोबर चाललंय ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो, मस्यू.’’

निम्मा रस तेव्हा अजून प्रेसमध्ये होता. तेव्हाच झडप बदलली असती तर निम्मा वाचला असता. पण झडप बदलायची म्हणजे आधीचं चुकलं होतं हे सगळ्यांदेखत कबूल करायचं. मी स्वतःला समजावत राहिले की आपल्याला वाटतं तसं नसेल, त्यांची काही योजना असेल. संध्याकाळी मुलगी टाक्यांची घनता मोजायला आली. व्यापाऱ्याच्या टाकीची घनता रोज उतरत होती, ती त्या दिवशी चढलेली होती. तिने दुसऱ्यांदा मोजली. मग टेकडीच्या टाकीत किती लिटर आहे ते पाहिलं. मी शेजारीच वही धरून उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी सांगितलं, सकाळपासूनचं सगळं. पेल्याचंही.

ती ओरडली नाही. बाहेर अंगणात जाऊन बराच वेळ उभी राहिली. मिसळलेला रस वेगळा करता येत नाही. व्यापाऱ्याशी भाव आधीच ठरलेला होता, त्याला सपाटीच्या भावात टेकडीच्या जुन्या वेलींचा सगळ्यांत चांगला रस मिळाला. आणि घराच्या वाट्याला उरला तो नुसता तळाचा रस. त्याची वाइन झाली, वाईट नव्हती. पण पुढच्या वसंतात वडील-मुलीने चाखून ठरवलं की त्या वर्षी लेबलावर कोत द्यू पी लिहायचं नाही, साधं मॉर्गों लिहायचं. कायद्याने लिहिता आलं असतं. त्यांनी ते टाळलं आणि बाटलीमागे तेवढे पैसे सोडले.

काढणी संपल्यावर तिथे मोठं जेवण असतं, त्याला ‘रव्होल’ म्हणतात. मी जाणार नव्हते. मालकांनीच मला आपल्या शेजारी बसवलं. मजुरीचं पाकीट मी परत करायला गेले तर मुलगी म्हणाली, ‘‘हे पैसे तू वाकून केलेल्या कामाचे आहेत, ते घे. टाकीचा हिशेब वेगळा आहे आणि तो पैशाने तुला फेडता येणार नाही. पुढच्या वेळी कळलं नाही तर कळलं नाही म्हण.’’ तिने हे अगदी सरळ सांगितलं. मला माफ केलं की नाही, हे तिने तेव्हा सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

फ्रान्समधल्या या तीन चुका दुसऱ्याच्या घरातल्या. चौथी माझ्या घरची, आणि ती घमेंडीतून नव्हे तर भक्तीतून झाली. मॉर्गोंमध्ये १९८० च्या दशकात मार्सेल लापिएर आणि त्याच्या मित्रांनी रसायनांच्या शेतीकडे पाठ फिरवून, बाहेरचं यीस्ट न घालता आणि जिवाणू रोखणारं गंधक शक्य तितकं टाळून वाइन करायला सुरुवात केली. त्यांचा गुरू ज्यूल शोव्हे. १९८९ मध्ये शोव्हे गेला, २०१० मध्ये लापिएर. ही माणसं मला देवासारखी वाटायला लागली होती. नाशिकला परतल्यावर मी वाइनरीच्या मागे लागून एक छोटी टाकी मिळवली. दिंडोरीकडचं शिराझ घेतलं, पहाटे काढलं, क्रेटं कोरडी ठेवली, एकही मणी दाबला नाही. अख्खे घड टाकीत सोडले, गंधक अजिबात घातलं नाही, झाकण लावलं आणि वाट पाहिली. मॉर्गोंमध्ये जे पाहिलं होतं त्यातली एकही पायरी गाळली नाही.

टाकी उघडली तेव्हा नेलपॉलिशचा वास आला. त्याच्या मागोमाग व्हिनेगर. ती सगळी वाइन फेकून द्यावी लागली. बागाईतदार आमच्या ओळखीचेच होते. त्यांना पैसे मिळाले होते, तरी वर्षभराची मेहनत नाल्यात गेली हे त्यांना कळलंच.

मी काय विसरले होते ते कागदावर मांडायला मला फार काळ लागायला नको होता, पण लागला. अख्खा मणी आतून मॅलिक आम्ल खातो. गामे थंड हवेत, ग्रॅनाइटवर पिकतो. त्याच्याकडे आम्ल मुबलक असतं, काही गेलं तर वाइन मऊ होते, तेच हवं असतं. आमचं शिराझ फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पिकतं. त्याचं मॅलिक आम्ल वेलीवरच उष्णतेने बरंच संपलेलं असतं, पीएच आधीच ३.८ च्या आसपास. त्यातून आणखी आम्ल काढून घेतल्यावर त्या टाकीत जिवाणूंना अडवणारं काहीच उरलं नाही, आणि गंधक मी श्रद्धेपोटी घातलं नव्हतं. शोव्हे स्वतः रसायनशास्त्र जाणणारा, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट आणि जिवाणू पाहणारा माणूस होता. आपल्या टाकीत कोण वाढतंय हे त्याला दिसत होतं, म्हणून तो गंधक सोडायचं धाडस करू शकला. मी त्याचं धाडस उचललं आणि सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवला. प्रयोगशाळा माझीच होती. रोज एक थेंब काचेवर घेऊन पाहायला कुणी मला अडवलं नव्हतं.

या वेळी मात्र मी त्याच दिवशी मॉर्गोंला कळवलं. मुलीचं उत्तर आलं, त्यात एकच प्रश्न होता: देठ कसे होते?

देठांकडे मी पाहिलंच नव्हतं. मॉर्गोंमध्ये काढणीच्या वेळी घडाचा देठ बऱ्याच अंशी तपकिरी, लाकडासारखा झालेला असतो, कारण शरद येतो आणि वेल वाढ थांबवतो. अख्खे घड टाकीत टाकायचे तर देठही टाकीत जाणार. नाशिकचा वेल काढणीच्या दिवशीही वाढतच असतो. छाटणीबद्दल मी मॉर्गोंमध्ये टिपलेला तो फरक हाच. आमचे देठ हिरवेगार होते, आणि हिरवा देठ वाइनमध्ये कडवटपणा सोडतो.

त्यानंतर मी पद्धत बदलली. टाकीच्या तळाशी देठ काढलेले, फोडलेले मणी, त्यावर थोडेच अख्खे घड. द्राक्षं आम्ल शिल्लक असताना, थोडी लवकर काढलेली. गंधक गरजेपुरतं, आणि सूक्ष्मदर्शक टाकीशेजारी टेबलावर. वाइन स्वच्छ झाली. तिच्या दोन बाटल्या मी मॉर्गोंला पाठवल्या. पत्ता लिहिताना हात अडखळला, कारण त्या घरात माझ्या हाताने गेलेलं शेवटचं काम ती झडप होती. उत्तर वडिलांचं आलं, मुलीने लिहून घेतलेलं. फळ चांगलं आहे, म्हणाले. मण्याला जपलेलं कळतं. पण घोटाच्या शेवटी हिरवट कडवटपणा येतो, देठ अजून कच्चे आहेत.

ते बरोबर आहेत. लवकर काढलं तर आम्ल राहतं, पण देठ हिरवा. देठ पिकेपर्यंत थांबलं तर साखर चढते, आम्ल जातं आणि पुन्हा तीच व्हिनेगरची भीती. यंदा उंचावरच्या, रात्री गार राहणाऱ्या एका बागेत दोन ओळी मी मागून घेतल्या आहेत. तिथे फळछाटणी नेहमीपेक्षा लवकर करून बघणार आहे, म्हणजे मणी थंडी सरायच्या आत पिकतील आणि काढणीआधी पाणी तोडून वेलीची वाढ थांबवता येईल. देठ तपकिरी होतो की नाही, ते जानेवारीत कळेल. बागाईतदारांना आधीच सांगून ठेवलंय की हे फसू शकतं, आणि कशामुळे फसू शकतं तेही.